शुगर असताना डोळे चुरचुरायला लागले तर: पुण्यात राहणाऱ्यांनी सुरुवात कुठून करायची

ज्यांना डायबेटिस नुकताच निघाला आहे, किंवा शुगर जुनी आहे पण डोळ्यांचा त्रास आत्ता सुरू झालाय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. त्रास साधारण असा असतो: संध्याकाळ झाली की डोळ्यांत कचरा गेल्यासारखं खुपतं. सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात. वाचताना अक्षरं मधेच पुसट होतात आणि दोनदा डोळे मिटून उघडले की परत स्पष्ट दिसतात. गाडीवरून घरी आलं की डोळे लालबुंद. कित्येकांच्या डोळ्यांतून तर सारखं पाणी गळतं, त्यामुळे ‘डोळे कोरडे पडलेत’ असं डॉक्टरांनी सांगितलं तरी पटत नाही. पण ते खरं असतं. बुबुळावरचा ओलावा टिकला नाही की ते चुरचुरतं, आणि मग अश्रूंची ग्रंथी एकदम पाणी सोडते. ते पाणी डोळ्यात ठरत नाही, गालावर ओघळून जातं आणि बुबुळ पुन्हा कोरडं ते कोरडंच.

काय काय करायचं ते क्रमाने सांगते. त्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. शुगर असलेल्या माणसाने डोळा किती दुखतोय यावरून डोळ्याची तब्येत ठरवायची नाही.

बुबुळात मज्जातंतूंच्या टोकांचं फार दाट जाळं असतं. म्हणून तर बारीकसा कण गेला तरी आपण कळवळतो. शुगर बरीच वर्षं चढी राहिली की पायाच्या बोटांची संवेदना जशी कमी होते, तशीच बुबुळाचीही होते. मग दोन गोष्टी होतात. डोळा कोरडा पडलाय हा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचत नाही, त्यामुळे अश्रू कमी येतात आणि पापण्याही कमी लवतात. आणि बुबुळावर बारीक ओरखडे पडले तरी ते फारसे दुखत नाहीत. शुगरमध्ये जखम भरायलाही वेळ लागतो, हे बुबुळालाही लागू आहे. म्हणजे ‘थोडं चुरचुरतं, बाकी काही नाही’ म्हणणाऱ्याचं बुबुळ तपासणीत चांगलंच खरवडलेलं निघू शकतं. म्हणून ड्रॉप्स दुखलं तरच घालायचे असं नाही, दुखो न दुखो, गोळ्या घेतो तसे वेळेवर घालायचे.

याला जोडून आणखी एक कारण असतं. पापण्यांच्या कडेला बारीक तेलग्रंथी असतात. त्यांच्यातून येणारं तेल अश्रूंवर पातळ थर धरतं आणि पाणी उडून जाऊ देत नाही. शुगर असणाऱ्यांमध्ये या ग्रंथी तुंबण्याचं प्रमाण जास्त आढळतं. पाणी आहे पण तेल नाही, अशा डोळ्यात कितीही थेंब घातले तरी दहा मिनिटांत पुन्हा तेच. या ग्रंथींसाठी काय करायचं ते पुढे येतं, आणि ते काम औषधाच्या दुकानातून आणता येत नाही.

पहिली पायरी: ड्रॉप्स विकत घेण्याआधी डोळे तपासून घ्या

बहुतेक जण उलट करतात. कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे जाऊन ‘डोळे चुरचुरतात, काहीतरी द्या’ म्हणतात. शुगर असताना हे करू नका. चुरचुरण्यामागे कोरडेपणा असेल, ॲलर्जी असेल, जंतुसंसर्ग असेल किंवा पापणीची सूज असेल. बाहेरून सगळे डोळे सारखेच लाल दिसतात, पण औषधं वेगवेगळी लागतात.

जायचं ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून देतात, त्याने हे काम होत नाही. पुण्यात खाजगी डॉक्टर गल्लोगल्ली आहेत. खर्चाची अडचण असेल तर ससून आहे, औंधचं जिल्हा रुग्णालय आहे, पिंपरीकरांना यशवंतराव चव्हाण रुग्णालय जवळ पडतं, आणि हडपसरच्या बाजूला महंमदवाडीत एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आहे. कुठेही जा, केस पेपर काढतानाच सांगा की शुगर आहे, किती वर्षं आहे, आणि शेवटचा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) किती आला. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी सोबत ठेवा. ती का लागते ते खाली सांगते.

कोरडेपणाची तपासणी सोपी असते. खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवतात आणि पाच मिनिटांत ती किती मिलीमीटर भिजली ते मोजतात. पाचपेक्षा कमी भिजली तर डोळा बराच कोरडा समजतात. दुसऱ्या तपासणीत पिवळा रंग घालून निळ्या उजेडात बघतात. पापणी न लववता अश्रूंचा थर किती सेकंद अखंड राहतो ते मोजतात. दहा सेकंदांच्या आत तुटला तर तो लवकर तुटतो असं धरतात. त्याच रंगाने बुबुळावरचे ओरखडेही दिसतात. रंग उतरला की काही वेळ रुमाल पिवळा होतो, घाबरू नका. ‘बुबुळाची संवेदना तपासाल का?’ हे आवर्जून विचारा. कापसाच्या पेळूचं टोक बुबुळाला हलकेच लावून ती बघता येते, आणि शुगरच्या पेशंटला तिचा निकाल कळणं फार मोलाचं आहे.

याच भेटीत डोळ्याच्या आतल्या पडद्याची, म्हणजे रेटिनाची, तपासणीही करून घ्या. कोरडेपणा डोळ्याच्या पुढच्या भागाचा आजार आहे. शुगरने दृष्टी जाते ती मुख्यतः मागच्या पडद्यामुळे, आणि पडद्याचं दुखणं सुरुवातीला काहीच कळवत नाही. टाइप २ डायबेटिस असेल तर निदान होताच एकदा आणि नंतर दरवर्षी बाहुल्या मोठ्या करून पडदा बघायचा असतो. टाइप १ असेल तर निदानानंतर पाच वर्षांच्या आत पहिली तपासणी, मग दरवर्षी. शुगर असलेल्या बाईला दिवस राहिले तर पहिल्या तीन महिन्यांतच. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती इथेच. ड्रॉप्सने डोळ्यांना बरं वाटतं, माणूस समजतो डोळ्यांचं काम झालं, आणि पडदा राहून जातो.

बाहुल्या मोठ्या करण्याचे थेंब घातले की चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही. त्या दिवशी गाडी चालवायची नाही. रिक्षा करा किंवा कुणाला तरी सोबत न्या, आणि गॉगल विसरू नका. उपाशी जायची गरज नसते. उलट जेवण आणि औषधं नेहमीच्या वेळेला घ्या, पर्समध्ये बिस्किटाचा पुडा आणि साखर ठेवा. ओपीडीत दोन-तीन तास सहज मोडतात आणि इन्सुलिन घेणाऱ्याची शुगर तिथे बाकावर बसल्या बसल्या उतरू शकते.

दुसरी पायरी: ड्रॉप्स समजून घ्या

कोरड्या डोळ्यांसाठी जे देतात त्याला कृत्रिम अश्रू म्हणतात. त्यात बहुधा कार्बोक्सीमिथाइलसेल्युलोज असतं, सोडियम हायल्युरोनेट असतं, नाहीतर प्रोपिलीन ग्लायकॉल. बाटलीवरचं मोठं नाव सोडा, बारीक अक्षरातलं हे नाव वाचा. एकच औषध वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी वेगवेगळ्या किमतीला मिळतं, तेव्हा जनऔषधी केंद्रात घटकाचं नाव सांगून विचारायला हरकत नाही.

दुसरं वाचायचं ते बाटली टिकवण्यासाठी घातलेलं रसायन. बेंझाल्कोनियम क्लोराइड हे नाव दिसलं आणि तुम्हाला दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब घालायचे असतील, तर डॉक्टरांकडे प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले ड्रॉप्स मागा. हे रसायन वारंवार गेलं की बुबुळाच्या वरच्या पेशींना त्रास होतो, आणि शुगरवाल्यांच्या पेशी आधीच नाजूक असतात. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले ड्रॉप्स महाग पडतात. पण रोज पाच-सहा वेळा, महिनोन्‌महिने घालायचे असतील तर पैसे इथेच खर्च करावेत असं माझं मत आहे. काचबिंदूचे थेंबही चालू असतील तर त्यांतही हेच रसायन असू शकतं. तेव्हा दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा.

उघडलेली साधी बाटली साधारण महिन्याभरात टाकून द्यायची, अर्धी उरली असली तरी. उघडल्याची तारीख पेनने बाटलीवर लिहा. एकदा वापरायच्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्या असतील तर उरलेलं औषध दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. बाटली घेताना सील बघा, मुदत बघा. २०२३ साली अमेरिकेत दूषित कृत्रिम अश्रूंमुळे स्यूडोमोनास जंतूंचा संसर्ग पसरला होता. त्यात काहींची दृष्टी गेली आणि काही जण दगावले. थेंब साधे असले तरी ते निर्जंतुक असणं किती महत्त्वाचं आहे, हे त्यावरून कळतं.

रात्रीसाठी जेल किंवा मलम देतात. ते दाट असतं, जास्त वेळ टिकतं, पण घातल्यावर धूसर दिसतं. म्हणून सगळी कामं आटपून, पाणी पिऊन, बाथरूमला जाऊन आल्यावर अंथरुणावर बसूनच घाला. मलम घालून अंधारात उठलेल्या वयस्कर माणसाचा पाय घसरायला वेळ लागत नाही.

साध्या थेंबांनी भागलं नाही तर डॉक्टर सायक्लोस्पोरिनचे ड्रॉप्स लिहून देतात. सुरुवातीला ते झोंबतात, आणि गुण यायला कित्येक आठवडे, कधी काही महिने लागतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देणारे पुष्कळ आहेत, तसं करू नका. अश्रू वाहून जातात ती नाकाकडची बारीक छिद्रं बुचाने बंद करणं हाही एक इलाज आहे. त्याला ऑपरेशन थिएटर लागत नाही, ओपीडीत होतं.

तिसरी पायरी: थेंब घालायची पद्धत

हात साबणाने धुऊन कोरडे करा. मान मागे टाकून वर छताकडे बघा. एका बोटाने खालची पापणी ओढून खिसा करा आणि त्या खिशात एकच थेंब सोडा. बाटलीचं टोक पापणीला किंवा केसांना लागू द्यायचं नाही. मग डोळा हलकेच मिटा, घट्ट आवळू नका, आणि नाकाशेजारचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरा. दुसरं औषध घालायचं असेल तर मधे पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो. थेंब आधी, मलम शेवटी.

हे सगळं सांगायला सोपं आहे. आमच्या सासूबाईंची शुगर जुनी, बोटं बधिर, हातही थोडा कापतो. बाटली डोळ्यावर धरली की थेंब कधी भुवईवर, कधी गालावर. त्यांना जमली ती पद्धत अशी: पलंगावर उताणं झोपायचं, डोळे मिटायचे, बाटली धरलेला हात कपाळावर टेकवायचा म्हणजे तो हलत नाही, आणि मिटलेल्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब सोडायचा. मग डोळा उघडला की थेंब आपोआप आत सरकतो. थेंब पडला की नाही ते त्यांना कळायचं नाही, म्हणून बाटली फ्रिजच्या दारात ठेवायला लागलो. गार थेंब लागलेला समजतो. तुमची बाटली फ्रिजमध्ये चालते का हे वेष्टनावर बघून घ्या, आणि फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका.

चौथी पायरी: पापण्या शेकणं

घट्ट झालेलं तेल मोकळं करायला ऊब लागते. स्वच्छ रुमाल गरम पाण्यात बुडवून पिळा आणि मिटलेल्या डोळ्यांवर पाच ते दहा मिनिटं ठेवा. गार झाला की पुन्हा गरम करा. मग स्वच्छ बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची पापणी खालून वर, अशी हलकेच कडेच्या दिशेने निपटा. डोळ्याच्या गोळ्यावर दाब द्यायचा नाही. शेवटी उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस बुडवून पापण्यांच्या मुळाशी जमलेला कोंडा आणि चिपडं पुसून काढा. प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस. सुरुवातीला रोज दोनदा, फरक पडला की एकदा.

इथे शुगरवाल्यांसाठी खास इशारा आहे. हातांची संवेदना कमी असेल तर रुमाल किती गरम आहे ते तुम्हाला कळणार नाही, आणि पापणीची कातडी शरीरातल्या सगळ्यात पातळ कातड्यांपैकी आहे. बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतो तसं कोपराने बघा, नाहीतर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी हात लावून बघायला सांगा. नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल किंवा पापणी लाल होऊन ठणकत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय शेकू नका.

ही पायरी सगळ्यात आधी सुटते, कारण फुकट आहे, कंटाळवाणी आहे आणि गुण यायला तीन-चार आठवडे घेते. सकाळचा चहा ठेवतानाच रुमालाचं पाणी तापवायला ठेवलं की सवय लागते.

पाचवी पायरी: पुण्याची हवा आणि पुण्याची गाडी

पावसाळा सोडला तर आपल्याकडची हवा कोरडी. थंडीत सकाळी गार आणि कोरडी, मार्च ते मे दुपारी तापलेली आणि कोरडी. त्यात रस्त्यांची कामं, बांधकामाची धूळ आणि दुचाकीवरचा समोरून येणारा वारा. हेल्मेट डोक्याला आहे तसं डोळ्यालाही आहे, फक्त काच खाली पाहिजे. सिग्नलला वर केलेली काच पुढच्या चौकापर्यंत तशीच राहते, तेवढ्यात डोळे वाळतात. काच नको असेल तर बाजूने बंद असलेला गॉगल घ्या. निघण्याआधी एक थेंब आणि पोचल्यावर एक, असा नियम ठेवा.

स्कार्फबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ते सहसा कुणी सांगत नाही. स्कार्फ किंवा मास्क नाकावर सैल असला की आपला उच्छ्वास वरच्या फटीतून सरळ डोळ्यांवर जातो. कोविडच्या काळात मास्क लावणाऱ्या अनेकांचे डोळे यामुळेच कोरडे पडत होते. स्कार्फ बांधताना नाकाच्या वरच्या हाडावर घट्ट बसवा, म्हणजे श्वास खालच्या बाजूने बाहेर पडेल. चष्म्यावर वाफ धरत असेल तर समजा की वरची फट उघडी आहे.

घरात पंख्याचा झोत चेहऱ्यावर घेऊन झोपू नका. काही जणांच्या पापण्या झोपेत पूर्ण मिटत नाहीत आणि त्यांना ते माहीतही नसतं. सकाळी उठल्या उठल्या डोळे सगळ्यात जास्त चुरचुरत असतील तर घरच्यांना सांगा, रात्री लांबून मोबाईलच्या उजेडात एकदा बघा म्हणावं. फट दिसली तर डॉक्टरांना सांगा, रात्रीच्या मलमाचं महत्त्व मग दुप्पट होतं.

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या ऑफिसांत एसीचा झोत आणि समोर स्क्रीन. एरवी आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या लववतो, स्क्रीनकडे बघताना ते प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतं, आणि पापणी अर्धीच लवते. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघा हा नियम तुम्ही ऐकला असेल. त्यात एवढीच भर घाला की त्या वीस सेकंदांत पाच-सहा वेळा पापण्या पूर्ण मिटून, क्षणभर थांबून उघडा. स्क्रीन डोळ्यांच्या रेषेपेक्षा थोडी खाली ठेवा. खाली बघताना डोळा कमी उघडा राहतो आणि कमी वाळतो. जागा बदलून मागता येत असेल तर एसीच्या झोतासमोरची सोडा.

फोडणीचा धूर, उदबत्ती, दिवाळीचे फटाके, विसर्जन मिरवणुकीतला गुलाल, रंगपंचमीचे रंग, या सगळ्यांपासून लांब. डोळ्यात गेलंच तर स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा, चोळू नका.

सहावी पायरी: शुगर, गोळ्या आणि चष्म्याचा नंबर

शुगर आटोक्यात ठेवा हे तुम्हाला सगळेच सांगतात. डोळ्यांच्या बाबतीत त्याचा अर्थ असा की शुगरचे चढउतार कमी व्हायला हवेत. शुगर खूप वरखाली झाली की डोळ्यातलं भिंग फुगतं किंवा ओसरतं, आणि नंबर तात्पुरता बदलतो. नवीन औषध सुरू झाल्यावर एकदम धूसर दिसायला लागलं की माणसं घाबरून नवा चष्मा करतात, आणि महिन्याभरात तो लागेनासा होतो. शुगर काही आठवडे स्थिर राहू द्या, मग नंबर काढा. कोरडेपणाचं धूसर पापणी लवली की जातं, शुगरचं धूसर पापणी लवल्याने जात नाही. एवढा फरक घरच्या घरी ओळखता येतो.

आता त्या गोळ्यांच्या यादीविषयी. सर्दी-ॲलर्जीची सेट्रिझिन, पायांच्या मुंग्यांसाठी आणि जळजळीसाठी देतात ती ॲमिट्रिप्टिलिन, रक्तदाबासाठी देतात त्यांपैकी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, यांनी डोळे कोरडे पडू शकतात. शुगरवाल्यांच्या डब्यात यातली एखादी तरी असतेच. मनाने बंद करू नका, पण यादी डोळ्यांच्या डॉक्टरांना आणि शुगरच्या डॉक्टरांना, दोघांनाही दाखवा. डोळ्यांसोबत तोंडही कोरडं पडत असेल आणि सांधे दुखत असतील तर तेही सांगा, कारण त्यामागे वेगळा आजार असू शकतो.

पाणी पुरेसं प्या. मूत्रपिंडाचा त्रास असून पाण्यावर बंधन असेल तर डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. फिश ऑइलच्या कॅप्सूल कोरड्या डोळ्यांसाठी हौसेने घेतल्या जातात, पण २०१८ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत वर्षभर घेऊनही ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूलपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. जवसाची चटणी जेवणात जरूर खा, ती चविष्ट आहे. कॅप्सूलचे पैसे मात्र चांगल्या ड्रॉप्ससाठी ठेवा.

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर कोरडेपणा आधी आटोक्यात आणा. बुबुळ कोरडं असताना भिंगाच्या नंबरासाठी घेतलेलं माप चुकू शकतं, आणि ऑपरेशननंतर काही महिने कोरडेपणा वाढतो. ‘आधी कोरडेपणा बघाल का’ हा प्रश्न सर्जनना बिनधास्त विचारा.

डोळ्यात काय घालायचं नाही

गुलाबपाणी, मध, तूप, एरंडेल, कोथिंबिरीचं पाणी, लिंबाचा रस, अंगावरचं दूध. हे सुचवणारी माणसं मायेची असतात, म्हणून नाही म्हणणं जड जातं. पण यातलं घरात असतं ते निर्जंतुक नसतं, आणि संवेदना गेलेल्या, ओरखडे पडलेल्या बुबुळात जंतूंना शिरायला वेळ लागत नाही. सुरम्यात शिसं असू शकतं. काजळ पापणीच्या आतल्या कडेला लावलं की तेलग्रंथींची तोंडं बुजतात.

याहून मोठा धोका केमिस्टकडून मिळणाऱ्या स्टेरॉइडच्या ड्रॉप्सचा. दोन दिवसांत लाली जाते, म्हणून ते जादूसारखे वाटतात आणि बाटली घरात राहते. पण डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय चालू ठेवले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू लवकर येतो आणि जंतुसंसर्ग असेल तर तो भडकतो. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदी आणि पुणे परिसरात डोळ्यांची साथ आली, तशा साथीत तर एकमेकांच्या बाटल्या सर्रास वापरल्या जातात. शेजारणीचे ड्रॉप्स घेऊ नका, आपले देऊ नका. डोळे पांढरे करणारे ड्रॉप्सही टाळा. ते थांबवले की लाली पुन्हा उसळते आणि कोरडेपणा जागच्या जागी राहतो.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर बुबुळाची संवेदना तपासून होईपर्यंत बाजूला ठेवा, आणि ती घालून कधीच झोपू नका.

ताबडतोब कधी जायचं

अचानक कमी दिसायला लागलं, डोळ्यासमोर काळे ठिपके किंवा जाळी आली, विजेसारखं चमकलं, नजरेसमोर एका बाजूने पडदा सरकला, तर तो पडद्याचा त्रास असू शकतो आणि ड्रॉप्सचा त्याच्याशी संबंध नाही. बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, पू आला, उजेड अजिबात सहन होत नसेल, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी जा. डोळा ठणकून उलट्या होत असतील आणि दिव्यांभोवती वलयं दिसत असतील तर काचबिंदूचा झटका असू शकतो. एकाचे दोन दिसणं, पापणी एकाएकी खाली पडणं हेही थांबण्यासारखं नाही. शुगर खूप वाढलेली असताना डोळ्याभोवती किंवा गालावर सूज आली आणि नाकातून काळपट स्राव यायला लागला, तर म्युकरमायकोसिसचा, म्हणजे काळ्या बुरशीच्या संसर्गाचा, विचार करावा लागतो. २०२१ मध्ये महाराष्ट्राने तो जवळून पाहिला आहे, आणि त्यात तासांनाही किंमत असते.

रात्री-अपरात्री असं झालं तर सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नका. ससूनचा तातडीचा विभाग चोवीस तास उघडा असतो, आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ लावता येतो. निघताना शुगर मोजून कागदावर लिहा, इन्सुलिन किंवा गोळी शेवटची कधी घेतली ते लिहा, आणि डोळ्यांत घालत असलेल्या सगळ्या बाटल्या, संपत आलेल्यासुद्धा, पिशवीत घालून सोबत न्या.